उजेडानं रंगवलेला ताजमहाल

मुलांनो, पोळ्याला मातीचे बैल आणता ना तुम्ही घरी? आधी अंगाला पांढरा रंग द्यायचा, तो वाळला की मग खरी भांडणं सुरू. शिंगं लाल करायची की निळी? झूल हिरवी की पिवळी? ताईच्या मनात हिरवी असते आणि ती पाणी आणायला जाते तेवढ्यात दादा पिवळी करून टाकतो. झालं! एकदा रंग लागला की लागला. बैल पुन्हा पांढरा थोडाच होतोय?

आता अशी कल्पना करा, की बैल पांढराच आहे. त्याला कुणी कुंचला लावलेला नाही. पण त्याच्या अंगावर उजेडच असा पडतो आहे, की शिंगं लाल दिसतात, पाठीवर हिरवी झूल दिसते, झुलीवरचे आरसेसुद्धा चमकतात. बटण दाबलं, झूल पिवळी. पुन्हा दाबलं, निळी. ताई खूश, दादाही खूश!

ही नुसती कल्पना नाही बरं का. असं खरोखर केलेलं आहे, आणि करणाऱ्यांत आपल्या नाशिकचा एक माणूस पुढे होता. डॉ. रमेश रासकर त्यांचं नाव. मात्र त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी बैल घेतला नव्हता, ताजमहाल घेतला होता. टेबलावर मावेल एवढा, पांढराफटक. ही गोष्ट २००१ सालची.

रासकरांचा जन्म नाशिकचा. इंजिनिअर झाले ते पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, म्हणजे ज्याला सगळे सीओईपी म्हणतात तिथं. पुढे अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात हेन्री फुक्स आणि ग्रेग वेल्च या प्राध्यापकांच्या हाताखाली त्यांनी संशोधन केलं. संशोधनाचा विषय मोठा गमतीचा होता. कॉम्प्युटरमधलं चित्र पडद्यातून बाहेर काढून खऱ्या जगात कसं आणायचं?

हा प्रश्न त्यांच्याही आधीचा. १९६८ साली अमेरिकेत आयव्हन सदरलँड नावाच्या शास्त्रज्ञानं डोक्याला लावायचं एक यंत्र केलं होतं. दोन डोळ्यांसाठी दोन छोटे पडदे, समोर अर्धवट पारदर्शक आरसे. त्यातून खरी खोलीही दिसायची आणि खोलीत अधांतरी तरंगणारा, नुसत्या रेघांचा चौकोनी ठोकळाही दिसायचा. डोकं हलवलं की ठोकळ्याची दुसरी बाजू दिसे, जणू तो खरंच तिथं आहे! डोकं कुठं वळलं हे कॉम्प्युटरला कळावं म्हणून छतापासून एक दांडा खाली आणून डोक्यावरच्या यंत्राला जोडला होता. टांगती तलवार म्हणतात ना, तसंच टोपणनाव लोकांनी त्याला ठेवलं.

त्या यंत्राची नातवंडं म्हणजे आजचे हेडसेट. डोळ्यांवर चढवला की आजूबाजूचं सगळं बंद, आणि तुम्ही थेट समुद्राच्या तळाशी किंवा चंद्रावर. याला म्हणतात व्हर्च्युअल रिॲलिटी, मराठीत आभासी वास्तव. आणि खरं जग तसंच ठेवून त्यात कॉम्प्युटरनं थोडी भर घातली, तर ती ऑगमेंटेड रिॲलिटी. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून अंगण बघताना अंगणात डायनोसॉर उभा दिसतो, तो हा प्रकार.

मग अडचण कुठं आली? कॉम्प्युटर चित्र काढायला तयार आहे, पण बघणारा माणूस आहे. माणसाला डोळे आहेत, मान आहे, पोट आहे. हो, पोटसुद्धा! तुम्ही मान वळवली आणि हेडसेटमधलं चित्र किंचित उशिरा वळलं, तर डोळे एक सांगतात आणि कानाच्या आत असलेलं तोल सांभाळणारं इंद्रिय दुसरंच सांगतं. मग घाटातल्या एस्टीत होतं तसं मळमळायला लागतं. दुसरी अडचण डोळ्यांची. जवळची वस्तू बघताना आपले दोन्ही डोळे नाकाकडे वळतात आणि डोळ्यातलं भिंगही जवळचं बघायला आपला आकार बदलतं. ही दोन्ही कामं नेहमी जोडीनं चालतात. हेडसेटमध्ये मात्र चित्र जवळचं असो की लांबचं, भिंगाला एकाच ठरलेल्या अंतरावर बघावं लागतं. जोडी फुटते, डोळे शिणतात. म्हणून तर बऱ्याच कंपन्या लहान मुलांसाठी वयाची अट घालतात. पालकांनो, खोक्यावरची ती सूचना वाचल्याशिवाय हेडसेट मुलांच्या हाती देऊ नका.

माणूस आणि कॉम्प्युटर यांचं एकमेकांशी कसं जमतं, कुठं बिनसतं, याचा अभ्यास करणारी एक वेगळी विद्याशाखाच आहे. तिथले संशोधक यंत्रापेक्षा माणसालाच जास्त निरखतात. हात कुठं गेला, नजर कुठं अडली, कंटाळा कधी आला!

मला विचाराल तर हेडसेटची सगळ्यात मोठी अडचण वेगळीच आहे. तो एकट्याचा असतो. जत्रेतली ती पेटी आठवते का आईबाबांना, भोकाला डोळा लावून आतली चित्रं बघायची? एकजण आत बघून ‘आहाहा’ म्हणतो आणि बाकीचे ‘काय आहे रे, काय आहे?’ करत मागे उभे. त्याउलट जत्रेतलाच तंबूतला सिनेमा. एक पडदा, समोर आख्खं गाव. बोट दाखवून ‘ते बघ’ म्हटलं की शेजारच्याला कळतं. वर्गात चाळीस मुलं आणि हेडसेट एक, तर पेटीचाच प्रकार व्हायचा.

रासकर आणि त्यांच्या गुरुजींनी १९९८ मध्ये मांडलेली कल्पना या तंबूच्या बाजूची होती. चित्र माणसाच्या डोळ्यांपुढे बांधायचं नाही, सरळ वस्तूवर टाकायचं. मग डोक्यावर काही चढवायला नको. आधी टेबलावरच्या साध्या पांढऱ्या ठोकळ्यांवर प्रोजेक्टरनं खिडक्या, दारं, विटा टाकून त्यांनी इमारती उभ्या केल्या. मग आला ताजमहाल. त्यावर दोन बाजूंनी दोन प्रोजेक्टर. पांढऱ्या प्रतिकृतीवर संगमरवर चढला, नक्षी उमटली. सूर्य कुठल्या बाजूला आहे हेसुद्धा उजेडानंच ठरवता येऊ लागलं. एवढंच काय, त्याच वर्षी त्यांच्या गटानं पुढची पायरी गाठली. वस्तू हातात धरून फिरवायची, दुसऱ्या हातात रंग नसलेला कुंचला घ्यायचा, आणि जिथं कुंचला टेकेल तिथं उजेडाचा रंग उमटायचा. वस्तू फिरली की रंगही तिच्याबरोबर फिरायचा. पोळ्याचा बैल रंगवायला याहून सोयीचं काय असणार?

सांगायला हे सोपं वाटतं, करायला मात्र नाही. सिनेमाचा पडदा सपाट असतो. ताजमहालाला घुमट आहे, मिनार आहेत, कोनाडे आहेत. सपाट चित्र गोल घुमटावर टाकलं तर वेडंवाकडंच दिसणार. मग काय करायचं? चित्र मुद्दामच वेडंवाकडं करून पाठवायचं, म्हणजे घुमटावर पडल्यावर ते सरळ दिसतं! पण किती वाकडं? त्यासाठी प्रोजेक्टर नेमका कुठं उभा आहे आणि कुठं बघतो आहे हे कॉम्प्युटरला कळायला हवं. ते कळवण्याची युक्ती बघा. वस्तूवरचे काही ठरावीक बिंदू घ्यायचे, जसं की मिनाराचं टोक किंवा चौथऱ्याचा कोपरा, आणि उजेडाची एक फुली सरकवत सरकवत नेमकी त्या बिंदूवर आणायची. असे निदान सहा बिंदू जुळवले, की गणितानं प्रोजेक्टरची जागा आणि दिशा निघते. तुमचं गणित इथं कामाला येतं बरं!

दोन प्रोजेक्टरांचा उजेड जिथं एकमेकांवर चढतो तिथं दुप्पट उजळ पट्टा दिसतो. म्हणून त्या भागात प्रत्येकाचा उजेड हळूहळू कमी करत न्यावा लागतो, गोधडीचा जोड दिसू नये तसा. शिवाय मध्ये हात आला की सावली पडते. आणि दिवसाच्या लख्ख उजेडात यातलं काही चालत नाही, अंधार लागतोच. हे दोष अजूनही पुरते गेलेले नाहीत. तरी आज किल्ल्यांच्या भिंतींवर, मोठ्या इमारतींवर उजेडाचे जे खेळ होतात, त्यांच्यामागे हेच गणित आहे.

घरी करून बघायचंय? मोबाइलचा टॉर्च घ्या आणि जुन्या लग्नपत्रिकेला मधोमध चौकोनी भोक पाडा. भोक बोटभर रुंद पुरे. अंधाऱ्या खोलीत टॉर्चसमोर वीतभर अंतरावर पत्रिका आणि तिच्यापुढे वीतभर अंतरावर वहीचा कोरा कागद सरळ धरा. चौकोन पडला? आता नुसता कागद दार उघडल्यासारखा तिरका करा. टॉर्चपासून लांब गेलेली कड मोठी होते, जवळची लहान. आता दुसऱ्या पत्रिकेत भोक मुद्दाम तिरकं कापा, ज्या बाजूचा उजेड लांब जातो ती कड थोडी लहान ठेवून. दोन-तीन पत्रिका वाया जातील, जाऊ द्या, लग्नं काय कमी होतात! ज्या पत्रिकेनं तिरक्या कागदावर दोन्ही उभ्या कडा सारख्या दिसतील, ती जिंकली. कात्री चालवताना मोठं माणूस जवळ असू द्या, आणि टॉर्च कुणाच्या डोळ्यांवर रोखू नका.

रासकर पुढे २००८ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या नामांकित संस्थेत प्राध्यापक झाले. २०१६ मध्ये त्यांना संशोधकांसाठी असलेला लेमेलसन-एमआयटी पुरस्कार मिळाला, पाच लाख डॉलरचा. पण पुरस्कारापेक्षा मला त्यांचं २०१० सालचं एक काम मोठं वाटतं. ब्राझीलचा विद्यार्थी व्हिटर पॅम्प्लोना आणि इतर दोघांच्या साथीनं त्यांनी ते केलं. त्याचं नाव नेत्र.

आभासी वास्तवाच्या पेटीत काय असतं? डोळ्यापुढे भिंग आणि भिंगामागे पडदा. नेत्रमध्येही तेच. मोबाइलच्या पडद्यावर भिंगांचं एक छोटं जोडसाधन बसवायचं आणि त्याला डोळा लावायचा. फरक हा, की इथं मोबाइल तुम्हाला समुद्र नाही दाखवत, तो तुम्हाला प्रश्न विचारतो. आत दोन रेघा दिसतात, एक लाल, एक हिरवी. डोळा चांगला असेल तर त्या एकमेकींवर बसलेल्या दिसतात. डोळ्याला नंबर असेल तर दूर दूर दिसतात. मग बटणं दाबत त्या जुळवायच्या. किती वेळा दाबावं लागलं त्यावरून कॉम्प्युटर चष्म्याचा नंबर काढतो. रेघा उभ्या, आडव्या, तिरप्या करून पुन्हा पुन्हा जुळवायच्या, म्हणजे एकाच दिशेत असलेला दोषही सापडतो. पुढे या शोधावर कंपनीही निघाली. अर्थात यानं डोळ्यांच्या डॉक्टरांचं काम संपत नाही. नंबराशिवायही डोळ्यांना दुखणी असतात, आणि ती डॉक्टरांनाच कळतात.

पण आपल्या बीड जिल्ह्यात राहून या यंत्राचा विचार करा. दिवाळीच्या आगेमागे कितीतरी आईवडील ऊसतोडीला जातात आणि पुष्कळदा मुलंही बरोबर जातात. शाळेत आरोग्य तपासणीचं पथक येतं तेव्हा तो मुलगा फडाजवळच्या कोपीत असतो. परत येतो तेव्हा पथक येऊन गेलेलं असतं. फळ्यावरचं दिसत नाही हे त्याचं त्यालाच ठाऊक नसतं, कारण सगळ्यांना असंच धूसर दिसत असेल असं त्याला वाटतं! तो शेजाऱ्याच्या वहीत बघून लिहितो आणि आपण म्हणतो, ‘लक्ष नाही पोराचं.’ डोळे तपासायचं मोठं यंत्र काही कोपीपर्यंत जात नाही. टोळीतल्या कुणाच्या तरी खिशात मोबाइल मात्र असतो.

तोवर एक काम तुम्हीच करा. भिंतीवर कॅलेंडर लावा आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला, निदान दहा-बारा फुटांवर उभे राहा. आधी उजवा डोळा हातानं झाका. झाका, दाबू नका. तारखांखालची बारीक अक्षरं कुठपर्यंत वाचता येतात ते आईला सांगा. मग डावा झाकून तेच करा. धाकट्या भावंडांचंही बघा, आणि मामाच्या, काकाच्या मुलांचंही. एका डोळ्यानं कमी दिसलं, किंवा घरातल्या बाकीच्या मुलांना वाचता येतं ते एकालाच येत नसेल, तर बाईंना किंवा गुरुजींना दुसऱ्याच दिवशी सांगा, आणि आईबाबांनी पुढच्या बाजाराच्या दिवशी त्याला घेऊन सरकारी दवाखान्यात डोळे तपासून घ्यावेत. टोळीबरोबर जायचं असेल, तर निघायच्या आधीच.