स्नॅपशॉट डिस्कवर किती जागा घेतो?

डिस्क भरत आली म्हणून जुन्या फाइली उडवाव्यात आणि मोकळी जागा तसूभरही वाढू नये, हा अनुभव सर्व्हर सांभाळणाऱ्या अनेकांना येतो. अनेकदा ही जागा स्नॅपशॉटनी, म्हणजे फाइल सिस्टिमच्या एका क्षणाच्या गोठवलेल्या चित्रांनी, धरून ठेवलेली असते. त्यांचा हिशेब नीट न समजल्याने कुणी ते घेतच नाही, तर कुणी घेऊन विसरून जातो. दोन्ही सवयी महागात पडतात. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये २००१ साली ज्या झेडएफएस या फाइल सिस्टिमचे काम सुरू झाले, तिच्या आधारे हा हिशेब समजून घेऊ.

गैरसमज : स्नॅपशॉट म्हणजे सगळ्या डेटाची दुसरी प्रत.
वस्तुस्थिती : झेडएफएस जुन्या ब्लॉकवर नवी माहिती लिहीत नाही, ती दुसऱ्या जागी लिहिते. स्नॅपशॉट घेताना काहीही कॉपी होत नाही, फक्त त्या क्षणाचे ब्लॉक मोकळे करायचे नाहीत एवढी नोंद होते. म्हणून १००० जीबीचा स्नॅपशॉटही क्षणात होतो आणि सुरुवातीला जवळपास शून्य जागा घेतो. पुढे फाइली बदलल्या किंवा पुसल्या, की जुने ब्लॉक त्याच्या खात्यावर राहतात.

गैरसमज : यादीतील ‘यूज्ड’ या रकान्याची बेरीज केली की एकूण जागा कळते.
वस्तुस्थिती : सर्वाधिक फसगत इथेच होते. समजा, २० जीबीचा एक व्हिडिओ सोमवार आणि मंगळवार अशा दोन्ही स्नॅपशॉटमध्ये आहे आणि बुधवारी तुम्ही तो पुसला. दोन्ही स्नॅपशॉटपुढे ‘यूज्ड’ जवळपास शून्यच दिसेल, कारण फक्त त्याच एका स्नॅपशॉटच्या मालकीची जागा या रकान्यात मोजली जाते. एक काढला तरी दुसरा व्हिडिओ धरून बसतो. दोन्ही काढले, तरच २० जीबी सुटतात. खरी एकूण जागा ‘यूज्डबायस्नॅपशॉट्स’ या आकड्यात दिसते. ठरावीक स्नॅपशॉट काढल्यास किती जागा सुटेल, हे ‘झेडएफएस डिस्ट्रॉय’ कमांड ‘-एनव्ही’ या पर्यायासह चालवल्यास काहीही न पुसता कळते.

गैरसमज : स्नॅपशॉट जितके जास्त, तितकी जागा जास्त.
वस्तुस्थिती : संख्येपेक्षा डेटा किती बदलतो आणि स्नॅपशॉट किती दिवस ठेवता, हे महत्त्वाचे. रोज १० जीबी डेटा बदलत किंवा पुसला जात असेल आणि स्नॅपशॉट ३० दिवस ठेवायचे असतील, तर ढोबळ अंदाज १० × ३० = ३०० जीबी. नुसत्या नव्या फाइलींची भर पडत असेल, तर स्नॅपशॉटचा जादा भार जवळपास नसतो. मात्र डेटाबेस किंवा व्हर्च्युअल मशीनमध्ये तेच ब्लॉक दिवसभर पुन्हा पुन्हा लिहिले जातात. तिथे तासातासाचे स्नॅपशॉट मधल्या आवृत्त्याही धरून ठेवतात आणि अंदाज चुकतो. असा डेटा वेगळ्या डेटासेटमध्ये (पूलमधील स्वतंत्र फाइल सिस्टिममध्ये) ठेवून त्याच्या स्नॅपशॉटची मुदत कमी करावी. दोन स्नॅपशॉटांमध्ये किती लिहिले गेले, हे ‘रिटन’ या गुणधर्मात दिसते. त्यात नवी भरही धरलेली असते, पण पुसलेला जुना डेटा नसतो, म्हणून तो आकडा ढोबळ अंदाजच समजावा.

गैरसमज : स्नॅपशॉट आहे, मग बॅकअप कशाला?
वस्तुस्थिती : चुकून पुसलेली फाइल परत आणायला स्नॅपशॉट उत्तम. पण तो मूळ डेटाच्याच डिस्कवर असतो. त्या डिस्कचा संपूर्ण संचच (पूल) निकामी झाला, की स्नॅपशॉटही जातात. ‘सेंड’ आणि ‘रिसीव्ह’ वापरून तोच स्नॅपशॉट दुसऱ्या यंत्रावर पाठवला, तरच त्याचा बॅकअप होतो.

गैरसमज : जागा संपली की जुने स्नॅपशॉट आपोआप जातात.
वस्तुस्थिती : झेडएफएस स्वतःहून स्नॅपशॉट काढत नाही. जागा संपली की नवे लिहिणेच थांबते. लिनक्सच्या एलव्हीएम या डिस्क-व्यवस्थापन प्रणालीतील पारंपरिक स्नॅपशॉटला मात्र आधीच ठरावीक जागा नेमून द्यावी लागते आणि ती भरली की तो स्नॅपशॉटच निकामी होतो. म्हणजे नियम सगळीकडे सारखे नाहीत.

तेव्हा आठवडाभर ‘रिटन’चे आकडे टिपा, त्यांच्या रोजच्या सरासरीला मुदतीच्या दिवसांनी गुणा आणि वर थोडी मोकळीक ठेवा. स्नॅपशॉट घेण्याचे वेळापत्रक लावाल, त्याच दिवशी ते काढण्याचेही लावा.