किसान क्रेडिट कार्डाचे खाते, अपुरी शिल्लक आणि बँकेचे आकार



ऊस तुटून गेला की बिल जमा झाले का हे पाहण्यासाठी आपण पासबुक घेऊन शाखेत जातो. पिंपळी परिसरातील ऊस माळेगावला जावो की भवानीनगरच्या छत्रपती कारखान्याला, पासबुकात बिलाच्या मोठ्या आकड्याच्या आसपास काही लहान आकडे वजा झालेले दिसतात. कोठे 23 रुपये 60 पैसे, कोठे 295, तर कोठे 590. हे आकडे असे अर्धवट का, असा प्रश्न अनेकजण विचारतात. बँकेने लावलेल्या आकारावर 18 टक्के वस्तू व सेवा कर बसतो. म्हणून 20 चे 23.60, 250 चे 295 आणि 500 चे 590 होतात. तेव्हा असा आकडा दिसला की तो व्याजाचा नसून बहुधा सेवा आकाराचा आहे असे समजावे व त्यासमोरील तपशील वाचावा.

प्रथम आपले खाते कोणते हे ओळखणे जरूर आहे. अमेरिकेसारख्या देशांत चालू वापराच्या खात्यात पैसे नसतानाही बँक धनादेश वटवते, खाते शून्याखाली जाते आणि अशा प्रत्येक उचलीवर वेगळा आकार लागतो. आपल्याकडे साध्या बचत खात्यावर अशी उचल आपोआप मिळत नाही. शिल्लक अपुरी असेल तर बँक धनादेश किंवा हप्ता परत पाठवते आणि परत पाठविल्याचा आकार लावते. जनधन खात्यावर मात्र पात्र खातेदारास 10,000 रुपयांपर्यंत ओव्हरड्राफ्ट मिळू शकतो. शेतकऱ्याचा खरा ओव्हरड्राफ्ट म्हणजे 1998 साली सुरू झालेले किसान क्रेडिट कार्ड. मंजूर मर्यादेपर्यंत पाहिजे तेव्हा उचल करावी, पैसे आले की भरावे, गरज पडल्यास पुन्हा उचलावे, अशी या खात्याची रचना आहे. व्याज मंजूर रकमेवर नव्हे, तर उचललेल्या रकमेवर आणि जितके दिवस ती वापरली तितक्या दिवसांचेच लागते.

धनादेश व हप्ते

ट्रॅक्टर किंवा दुचाकीचे हप्ते आता ठरलेल्या तारखेस खात्यातून आपोआप वजा होतात. त्या दिवशी शंभर रुपये जरी कमी असले तरी संपूर्ण हप्ता परत जातो. प्रस्तुत लेखकाचाही असा अनुभव आहे. पगार दोन दिवस लांबला आणि दुचाकीचा हप्ता परत गेला. बँकेने 590 रुपये कापले, कर्ज देणाऱ्या कंपनीने तितकेच वेगळे लावले आणि चार दिवसांनी तोच हप्ता भरावा लागला तो निराळाच. म्हणजे आकार दोन ठिकाणी बसतो, हे ध्यानात असू द्यावे. हप्त्याची तारीख बदलून मिळते का हे कंपनीस लेखी विचारावे. दुधाचा पगार दर दहा दिवसांनी येत असेल तर त्यापाठोपाठची तारीख सोयीची ठरते.

धनादेशाची बाब अधिक गंभीर आहे. कृषी सेवा केंद्रास किंवा पंप विक्रेत्यास पुढील तारखेचा धनादेश देऊन खत, मोटार आणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. तो वटला नाही तर 1989 पासून लागू असलेल्या कलम 138 खाली फौजदारी खटला होऊ शकतो व दोन वर्षांपर्यंत कैद किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. बँकेची सूचना मिळाल्यापासून 30 दिवसांत समोरची व्यक्ती लेखी नोटीस देते. ती मिळाल्यावर 15 दिवसांत रक्कम दिली तर प्रकरण तेथेच मिटते. म्हणून अशी नोटीस आली तर ती ट्रंकेत ठेवू नये, पंधरा दिवस मोजावेत. ऊस नियंत्रण आदेश 1966 प्रमाणे ऊस पोचल्यापासून 14 दिवसांत पैसे देणे कारखान्यावर बंधनकारक आहे व उशीर झाल्यास 15 टक्के व्याज देय आहे. परंतु बिल लांबले म्हणून धनादेश वटला नाही, हे कारण आपली जबाबदारी टाळण्यास पुरत नाही. बिलाच्या भरवशावर तारीख टाकताना महिनाभर तरी सैल ठेवावी.

किमान शिल्लक

किमान शिल्लक न ठेवल्याचा आकार सर्वच बँका लावतात असे नाही. स्टेट बँकेने तो 2020 मध्ये बंद केला, कॅनरा बँकेने जून 2025 मध्ये. जेथे तो आहे तेथे रिझर्व्ह बँकेचे नियम 1 एप्रिल 2015 पासून लागू आहेत. बँकेने आधी कळवून एक महिन्याची मुदत द्यावी, आकार तुटीच्या प्रमाणात असावा आणि केवळ या आकारामुळे खाते शून्याखाली जाऊ नये. ज्यांच्या खात्यात वर्षाचे अनुदान सोडून फारशी उलाढाल होत नाही त्यांनी लेखी अर्ज देऊन ते मूलभूत बचत खाते करून घ्यावे. त्यास किमान शिल्लक लागत नाही. मात्र त्याच बँकेत दुसरे बचत खाते ठेवता येत नाही.

मे महिन्यात खाते अगदी कोरडे ठेवू नये. अपघात विम्याचे 20 रुपये त्याच महिन्याच्या अखेरीस वजा होतात. तेवढे नसले तर दोन लाखांचे संरक्षण खंडित होते.

आडसाली उसाचा पेच

आता सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे येऊ. तीन लाखांपर्यंतच्या पीक कर्जास 7 टक्के व्याज आहे व वेळेवर फेडल्यास 3 टक्के सूट मिळून ते 4 टक्के पडते. राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनाही वेळेवर फेडणाऱ्यासच आहे. परंतु केंद्राच्या सवलतीसाठी मुदत उचलीपासून जास्तीत जास्त एक वर्षच धरली जाते. समजा आपण 20 जुलैला आडसाली लागणीसाठी 2 लाख रुपये उचलले. ऊस 16 ते 18 महिन्यांनी, म्हणजे पुढील वर्षीच्या नोव्हेंबर ते जानेवारीत तुटणार. सवलतीचे वर्ष त्याआधीच जुलैत संपते. शेतात ऊस उभा, कर्जाची देय तारीख कदाचित पुढची, पण 3 टक्क्यांचे 6,000 रुपये गेलेले असतात. सुरू उसात ही अडचण कमी येते. पीक बारा महिन्यांचे व कर्ज बारा महिन्यांचे असे धरून सवलत आखलेली आहे आणि नीरा डाव्या कालव्याखालच्या आडसालीस ती बसत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

यावर उपाय असा की खोडव्याचे बिल जानेवारी ते मार्चमध्ये आले की ते बचत खात्यात न ठेवता थेट किसान क्रेडिट कार्डाच्या खात्यात भरावे. दीड लाख रुपये 60 दिवस बचत खात्यात ठेवले तर अडीच टक्क्यांनी सुमारे 616 रुपये व्याज मिळते. तेच कर्ज खात्यात भरले तर 7 टक्क्यांनी सुमारे 1,726 रुपयांचे व्याज वाचते. बांधणीच्या खतासाठी पैसे लागले तर पुन्हा उचल करता येते. मात्र आपली सोसायटी किंवा बँक वर्षातून एकदाच उचल देत असेल, तर भरण्यापूर्वी शाखेत विचारून घ्यावे.

काहीजण जुने-नवे करण्यासाठी खाजगी सावकाराकडून आठ दिवसांकरिता पैसे आणतात. महिना 3 टक्के दराने 2 लाखांचे आठ दिवसांचे 1,600 रुपये होतात, त्यामुळे 6,000 वाचविण्यासाठी हा व्यवहार परवडतो असे वाटते. पण नवी उचल मंजूर होण्यास महिना लागला तर सावकाराचेच 6,000 होतात व हाती काही उरत नाही. नवी मंजुरी कागदोपत्री तयार आहे अशी खात्री झाल्याशिवाय हा मार्ग धरू नये.

याच खात्यातून पीक विम्याचा हप्ताही वजा होतो. खरिपास 2 टक्के, रब्बीस 1.5 टक्के आणि नगदी व फळपिकांस 5 टक्के. खरीप 2020 पासून कर्जदारासही विमा ऐच्छिक आहे. नको असल्यास अंतिम तारखेच्या किमान सात दिवस आधी लेखी कळवावे लागते. वजा झालेला हप्ता आपण प्रत्यक्ष लावलेल्या पिकाचाच आहे ना, हे पाहावे. सोयाबीनऐवजी बाजरीचा विमा उतरला गेला, तर नुकसानीच्या वेळी उपयोग होत नाही.

हिशोब मागणे

12 मे 1875 रोजी याच तालुक्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे कागद जाळले. रोष व्याजाइतकाच न समजणाऱ्या हिशोबावर होता. 1879 च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने शेतकऱ्यास पावती, वर्षाचा हिशोब आणि पासबुक मागण्याचा हक्क दिला. आज तोच कागद शाखेत मागता येतो.

वर्षातून दोनदा, म्हणजे बिले जमा झाल्यावर एप्रिलमध्ये व दिवाळीपूर्वी, खात्याचा उतारा काढावा. न समजणाऱ्या आकारासमोर खूण करून शाखाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्यावा व पोच घ्यावी. कर्ज थकल्यास बँक दंडात्मक आकार लावू शकते, परंतु व्यापारी व नागरी सहकारी बँकांना 1 एप्रिल 2024 पासून नव्या कर्जांवर तो व्याजदरात मिसळता येत नाही आणि त्यावर पुन्हा व्याजही लावता येत नाही. अर्जास 30 दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते समाधानकारक नसले, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. माहितीसाठी 14448 हा क्रमांक आहे. तक्रारीसोबत उताऱ्याची प्रत आणि शाखेच्या शिक्क्याची पोच जोडावी.