काचेवरचे पांढरे ठिपके

घरच्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यपेटीत समुद्री गोगलगायी पाळल्या, की कधीकधी काचेवर तिळाएवढे पांढरे ठिपके उमटतात. बोटाने घासले तरी ते निघत नाहीत. क्षार साचला असे समजून पुष्कळ जण ते पात्याने खरवडून टाकतात. पण थांबा! आधी भिंगातून नीट पाहा. ती नेराइट नावाच्या गोगलगायीने चिकटवलेली डबी असू शकते. अशा एकेका डबीत अनेक अंडी असतात. कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावर, भरती-ओहोटीच्या पट्ट्यात नेराइट नेहमी आढळतात.

मग या अंड्यांतून पेटीभर पिले होतील का? याचे उत्तर गोगलगायीच्या जातीवर अवलंबून आहे. ट्रोकस आणि टर्बो यांचे नर-मादी आपापली बीजे सरळ पाण्यात सोडतात. फलन पाण्यातच होते. नेराइट अंड्यांना डबीचे संरक्षण देते, पण समुद्रातील बहुतेक नेराइटांच्या डबीतून गोगलगाय बाहेर पडत नाही, डिंभ बाहेर पडतो. त्याला केसाळ कडांच्या दोन पाळ्या असतात. त्या हलवून तो पोहतो आणि सूक्ष्म शैवाल गोळा करून खातो. घरच्या पेटीत असे शैवाल पुरेसे नसते, शिवाय पाणी गाळणारा पंप डिंभांना ओढून घेतो. म्हणून अंडी शेकडो दिसली, तरी पिलू एकही दिसत नाही.

आपल्या देवघरातील शंखाची तऱ्हा वेगळी. त्याची मादी मेंढ्याच्या शिंगासारखा पिळदार, कप्प्याकप्प्यांचा अंडकोश घालते. डिंभावस्था त्या कोशातच संपते आणि बाहेर येतो तो सरपटणारा चिमुकला शंख!

आता समजा, समुद्रापासून सुमारे २०० किलोमीटर आत असलेल्या नातेपुत्यात तुम्ही अशी पेटी मांडली. समुद्राचे पाणी रोज कोण आणणार? मत्स्यपेटीसाठी मिळणारे खास समुद्रमीठ गोड्या पाण्यात विरघळवावे लागते. स्वयंपाकाचे मीठ येथे चालत नाही. समुद्रात मॅग्नेशियम, कॅल्शियम यांचेही क्षार असतात आणि शिंपला घडवायला कॅल्शियम हवेच.

लिटरला ३५ ग्रॅम धरले, तर ४० लिटर पाण्यात १४०० ग्रॅम क्षार झाले. उन्हाळ्यातील कोरड्या हवेत त्यातील ४ लिटर पाणी उडून गेले, असे माना. मीठ मात्र उडत नाही. मिठागरे याच तत्त्वावर चालतात. उरलेल्या ३६ लिटरांत तेच १४०० ग्रॅम, म्हणजे लिटरला जवळजवळ ३९ ग्रॅम! लोणच्यासाठी कैरीच्या फोडींना मीठ लावले की पाणी सुटते, हे तुम्ही पाहिले आहे. खारटपणा वाढला की नाजूक डिंभाच्या शरीरातूनही तसेच पाणी बाहेर खेचले जाते. म्हणून पेटीच्या काचेवर पातळीची रेघ आखा आणि उडालेल्या पाण्याची भर रोज क्लोरीनविरहित गोड्या पाण्याने घाला. खारे पाणी घातलेत, तर मीठ आणखी वाढेल.

एवढा खटाटोप जमत नसेल, तरी निराश होऊ नका. नातेपुत्याच्या परिसरात नीरा उजव्या कालव्याचे पाणी खेळते. तेथील पाट, ओढे आणि तळी यांच्या संथ पाण्यात लिम्निया ही गोगलगाय शोधा. पाण्यातील पानांना चिकटलेली तिची अंडी पारदर्शक, बुळबुळीत पट्टीत असतात. पट्टी पानासकट काचेच्या बरणीत, त्याच ओढ्याच्या पाण्यात ठेवा आणि रोज भिंगातून निरीक्षण करा. प्रथम नुसता ठिपका, मग तो अंड्यात गरगर फिरू लागतो, मग शिंपला दिसतो. उबदार हवेत साधारण एक-दोन आठवड्यांत तयार गोगलगायच बाहेर येते. पोहणारा डिंभ येथे नाहीच. वाहत्या पाण्यात तरंगणारे पिलू कुठल्या कुठे वाहून गेले असते, नाही का?

रोज दिसेल ते तारीख घालून वहीत काढा. मात्र एक खबरदारी घ्या. लिम्निया गुरांच्या यकृतातील चपट्या कृमींची वाहक असते, म्हणून प्रत्येक वेळी हात साबणाने स्वच्छ धुवा. निरीक्षण संपले की पिलांना जेथून आणले तेथेच सोडा. विकत आणलेली गोगलगाय मात्र ओढ्यात कधीही सोडू नका.