माया होती, शिक्षण नव्हते

आईला अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा ती ८२ वर्षांची होती. रुग्णालयातून घरी आणल्यावर आम्ही ब्युरोतून एक मावशी ठेवल्या. मावशी स्वभावाने लाख माणूस. आईची वेणी घालत, तिला गावाकडच्या गोष्टी सांगत. आईला त्रास नको म्हणून तिला फारसे हलवत नसत. आम्हालाही ती मायाच वाटे. तीन आठवड्यांनी आईच्या कमरेखाली लाल चट्टा दिसला आणि पाहता पाहता तेथे जखम झाली. डॉक्टरांनी एवढेच विचारले, "कूस कोण बदलत होतं?" आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिलो.

मग आली २२ वर्षांची एक मुलगी. दहावी झालेली, रुग्णसेवेचे काही महिन्यांचे प्रशिक्षण घेतलेली. पहिल्याच दिवशी तिने भिंतीवर वेळापत्रक चिकटवले. दर दोन तासांनी कूस बदलायची, एकदा डावी, एकदा उजवी. जखमेवर भार नाही. आईला ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली घेऊन ती छोट्या चमच्याने पेज भरवी आणि नंतर अर्धा तास आडवे होऊ देत नसे. "आडवं भरवलं तर घास श्वासनलिकेत जातो, काका." लुळा हात धरून उठवायचे नाही, खांद्याला इजा होते, हेही तिनेच आम्हाला शिकवले. आईला बोलता येत नव्हते. चांगल्या हाताने एकदा दाबले की 'हो', दोनदा दाबले की 'नाही', अशी भाषा तिने ठरवली. जखम भरायला तीन महिने लागले. पण कित्येक दिवसांनी आईला कोणीतरी 'भात की पेज?' असे विचारले होते.

२०११ च्या जनगणनेत देशात साठी ओलांडलेली माणसे दहा कोटींहून अधिक होती. आईवडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलांवर टाकणारा कायदा २००७ मध्ये झाला. पण कूस कशी बदलायची हे कायदा शिकवत नाही. वृद्धांच्या वैद्यकशास्त्रात एम.डी. करण्याची सोय मद्रास मेडिकल कॉलेजात १९९६ मध्ये झाली. डॉक्टर मात्र घरी दहा मिनिटे येतो. उरलेला दिवस कोणाच्या तरी हातात असतो.

ते हात घडवण्याच्या वाटा आहेत. कौशल्य विकास योजनांत 'होम हेल्थ एड' हा घरच्या रुग्णसेवेचा अभ्यासक्रम आहे. बारावीनंतर परिचर्येचा दोन वर्षांचा एएनएम किंवा तीन वर्षांचा जीएनएम करता येतो. पदवीधरांसाठी दिल्लीच्या राष्ट्रीय समाज संरक्षण संस्थेने वृद्धसेवेची एक वर्षाची पदविका चालवली आहे. फिजिओथेरपी आणि समाजकार्य हे मार्गही याच दाराशी येतात. प्रवेश घेण्यापूर्वी एक मात्र विचारावे: प्रत्यक्ष रुग्णाजवळ किती दिवस शिकवणार? उशी कोठे ठेवायची हे फळ्यावर समजत नाही.

शिक्षण मिळाले तरी मान मिळतोच असे नाही. आमच्याकडची ही मुलगी बारा तास राबे आणि ब्युरो तिच्या पगारातून आपला हिस्सा कापून घेई. तिचे लग्न ठरत होते. पाहुण्यांना तिच्या घरच्यांनी सांगितले, "हॉस्पिटलात असते." म्हाताऱ्या माणसांचे मलमूत्र काढते, हे कोण सांगणार? मला त्यांचा राग आला. पण मीही तिचा चहाचा कप वेगळा ठेवलेला चालवून घेतला होता, हे तेव्हाच आठवले.

आई गेल्यावर तिला एका शुश्रूषागृहात नोकरीची संधी आली. तिने माझ्याकडे दाखला मागितला. मी लिहिले, 'सदर मुलगी आमच्याकडे चौदा महिने कामाला होती. प्रामाणिक आहे.' तिने कागद वाचला आणि हळूच परत माझ्यापुढे ठेवला.

"काका, प्रामाणिक आहे ते ठीक. पण मी काय केलं ते लिहा ना."

मी नवा कागद घेतला. जखम कशी भरली, घास कसा भरवला, हाताची भाषा कशी ठरली, सारे लिहिले. एक पान पुरले नाही. पाठपोट लिहून खाली सही केली, तोवर तिने चहा केला होता. त्या दिवशी आम्ही दोघांनी घरातल्या एकसारख्या कपांतून तो घेतला.