यंदा टीम चांगली आहे!

फेब्रुवारीत शिकागोच्या रस्त्यांकडेला बर्फाचे ढीग साचलेले असतात आणि मिशिगन सरोवरावरून येणारा वारा कान तोडतो. अशा दिवसांत एक बारकीशी बातमी येते: ॲरिझोनातल्या मेसा इथे ‘कब्स’चे पिचर आणि कॅचर सरावाला हजर झाले. बातमीत आणखी काही नसतं, पण कब्सच्या चाहत्याला तेवढं पुरतं. खांदा दुखावलेला तो डावखुरा पिचर बरा झाला, खालच्या लीगमधला तो पोरगा वर आला आणि तिसऱ्या बेसवर कुणी धड माणूस मिळाला, तर मग यंदा कोण अडवणार? एप्रिलपर्यंत या ‘तर’ची लांबलचक माळ तयार होते.

शिकागो कब्स हा अमेरिकेतला सर्वांत जुन्या बेसबॉल संघांपैकी एक; 1876 पासूनचा. 1907 आणि 1908 साली त्याने लागोपाठ ‘वर्ल्ड सिरीज’, म्हणजे हंगामाची अंतिम मालिका, जिंकली. पुढचं जेतेपद आलं ते थेट 2016 साली. ज्या रिग्ली फील्डवर संघ 1916 पासून खेळतो, ते मैदान शंभर वर्षं जेतेपदाविना राहिलं. मधल्या काळात कारणं मात्र भरपूर गोळा झाली. 1945 च्या वर्ल्ड सिरीजमध्ये बिली सियानिस नावाच्या गुत्तेवाल्याला त्याच्या बोकडासह मैदानाबाहेर काढलं आणि त्याने शाप दिला, ही त्यातली सर्वांत लाडकी कथा. खरं कारण जास्त रुक्ष आहे: संघ बहुतेक वर्षं बरा नव्हता.

तरीही आशा सुटली नाही. तिचा मूर्तिमंत नमुना म्हणजे एर्नी बँक्स. 19 हंगाम, 512 होमरन, 2,528 सामने आणि बादफेरीतला एकही सामना नशिबी नाही. हा गृहस्थ कडक उन्हात मैदानावर येऊन म्हणायचा, दिवस इतका छान आहे, आज एकाऐवजी दोन सामने खेळू! दरवर्षी संघाच्या भाकिताचं यमकही तो जुळवायचा. 1969 साठी त्याने चमकण्याचं भाकीत केलं आणि संघ उन्हाळाभर खरंच आघाडीवर राहिला. सप्टेंबरात गाडी घसरली आणि न्यूयॉर्क मेट्स पुढे निघून गेले.

याला भाबडेपणा म्हणून मोकळं होता येतं. पण बेसबॉलची रचनाच आशेला खतपाणी घालणारी आहे. आयपीएलच्या साखळीत एका संघाला 14 सामने मिळतात, इथे 162. उत्तम संघही त्यातले साठेक सामने हरतो, त्यामुळे सलग आठ पराभव झाले तरी चाहत्याला ‘अजून वेळ आहे’ म्हणायला जागा उरते. शिवाय प्रत्येक क्लबच्या हाताखाली मायनर लीगचे अनेक संघ असतात आणि तिथे विशी-बाविशीतली मुलं तयार होत असतात. ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, आदल्या वर्षीच्या कमकुवत संघांना आधी हात घालायला मिळतो. थोडक्यात, हरण्यातही आशेची सोय करून ठेवलेली आहे.

या सोयीने अनेकदा तोंडघशीही पाडलं. जून 1964 मध्ये कब्सने लू ब्रॉक हा तरुण आउटफील्डर सेंट लुईसला देऊन एर्नी ब्रॉग्लिओ हा पिचर घेतला. आदल्याच हंगामात 18 सामने जिंकलेला पिचर मिळतोय म्हटल्यावर शिकागोत अनेकांना सौदा फायद्याचाच वाटला. ब्रॉग्लिओने कब्ससाठी उणेपुरे सात सामने जिंकले. ब्रॉकने कारकिर्दीत 938 बेस चोरले आणि तो हॉल ऑफ फेममध्ये जाऊन बसला.

2003 साल तर जिव्हारी लागणारं. मार्क प्रायरने त्या हंगामात 18 सामने जिंकले. जोडीला केरी वुड होता, 1998 साली एका सामन्यात 20 बॅटरना स्ट्राइकआउट करणारा. फ्लोरिडाविरुद्धच्या सामन्यात वर्ल्ड सिरीजचं दार पाच आउटांवर आलं होतं, 3-0 अशी आघाडी होती. तेवढ्यात फाउल लाइनजवळच्या उंच चेंडूसाठी कब्सचा मोइसेस अलू झेपावला आणि प्रेक्षकांतल्या एकाचाही हात त्या चेंडूला लागला. त्यानंतर फ्लोरिडाने त्याच इनिंगमध्ये आठ रन केले. शॉर्टस्टॉपने सोपा चेंडू सोडला, पिचर थकला, पण शहराने खापर फोडलं त्या प्रेक्षकाच्या डोक्यावर. सुरक्षारक्षकांच्या कड्यातून त्याला बाहेर न्यावं लागलं. आशेच्या या गोडव्याला अशी एक ओंगळ बाजूही आहे, ती झाकू नये. प्रायर 2006 नंतर मेजर लीगमध्ये पुन्हा खेळला नाही. दुखापतींनी त्याला संपवलं.

मग ऑक्टोबर 2011 मध्ये संघाचा कारभार पाहायला थिओ एपस्टाइन आला. बोस्टनचा जेतेपदाचा 86 वर्षांचा दुष्काळ 2004 मध्ये ज्याच्या कारभारात संपला, तोच हा. पुढच्याच हंगामात कब्स 101 सामने हरले, आणि चाहत्यांना सांगण्यात आलं की दम धरा. एरवी असं ऐकून लोकांनी तिकिटं फाडली असती. इथे लोक खालच्या लीगचे धावफलक वाचू लागले. सॅन डिएगोकडून अँथनी रिझो आला. ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर क्रिस ब्रायंट मिळाला, तो त्या 101 पराभवांच्याच पुण्याईने. बाल्टिमोरमध्ये ज्याची डाळ शिजत नव्हती, तो जेक ॲरिएटा 2013 च्या जुलैत एका सौद्यात आला आणि 2015 मध्ये 22 सामने जिंकून सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार घेऊन गेला. हाही सौदा आणि ब्रॉग्लिओचाही सौदाच. झाला त्या दिवशी चाहत्याच्या खुर्चीतून दोन्हींमधला फरक दिसत नाही, आणि आशेची सगळी गंमत तिथेच आहे.

2016 च्या हंगामातल्या तिसऱ्याच सामन्यात कब्सच्या काइल श्वार्बरच्या गुडघ्याचे अस्थिबंध फाटले. त्याचं वर्ष वाया गेलं, असं सगळ्यांनी धरलं. संघाने मात्र 103 सामने जिंकले आणि वर्ल्ड सिरीज गाठली. तिथे क्लीव्हलँडविरुद्ध तो 1-3 असा पिछाडीवर पडला. तेव्हाच रिग्ली फील्डच्या विटांच्या भिंतींवर लोक खडूने नावं लिहीत होते. ती होती हा दिवस न पाहता गेलेल्या बापांची, आज्यांची, काकांची. हात पुरेनासा झाला तेव्हा एकमेकांच्या खांद्यावर चढून लोकांनी वरच्या विटाही भरल्या.

सातवा सामना 2 नोव्हेंबरला क्लीव्हलँडमध्ये झाला. आठव्या इनिंगमध्ये दोन आउट झाले होते, आघाडी हातात होती, आणि राजाय डेव्हिसने होमरन मारून 6-6 अशी बरोबरी केली. ‘पहिले पाढे पंचावन्न’ असंच शिकागोला वाटलं असणार. नवव्या इनिंगनंतर पावसाने 17 मिनिटं खेळ थांबवला. तेवढ्यात जेसन हेवर्डने सगळ्यांना व्यायामाच्या खोलीत गोळा करून धीर दिला. मोठ्या रकमेचा करार असूनही वर्षभर त्याची बॅट रुसलेली होती. दहाव्या इनिंगची सुरुवात श्वार्बरच्या हिटने झाली. तो वेळेत बरा होऊन परतला होता. मग बेन झोब्रिस्टच्या डबलने आघाडी मिळाली आणि सामना 8-7 असा संपला. शेवटचा चेंडू घरंगळत ब्रायंटकडे आला. ओल्या गवतावर पाय घसरत असतानाही तो हसत होता. त्याने चेंडू रिझोकडे फेकला आणि रिझोने तो थेट मागच्या खिशात घातला. पुढच्या वर्षी क्लबने 2003 च्या त्या प्रेक्षकालाही जेतेपदाची अंगठी दिली.

पोट भरल्यावर आशा संपायला हवी होती, पण ती फक्त माणसं बदलते. जुलै 2021 च्या अखेरीस क्लबने रिझो, हाव्हिएर बाएझ आणि ब्रायंट या तिघांनाही पाठोपाठ दुसऱ्या संघांना देऊन टाकलं. शहर हळहळलं. बाएझच्या बदल्यात मेट्सकडून आलेल्या पोराचं नाव होतं पीट क्रो-आर्मस्ट्राँग: वय 19, व्यावसायिक सामने सहा, नुकतीच खांद्याची शस्त्रक्रिया झालेली. ज्यांनी बाएझच्या नावाचे शर्ट घातले होते, त्यांच्यातलेच काही जण या नव्या मुलाच्या हायस्कूलमधल्या चित्रफिती शोधत होते.

2025 मध्ये त्याने 30 हून अधिक होमरन मारले आणि 30 हून अधिक बेस चोरले. कब्सने 92 सामने जिंकले, पहिल्या फेरीत सॅन डिएगोला हरवलं आणि पुढच्या फेरीत मिलवॉकीकडून पाचव्या, निर्णायक सामन्यात 1-3 अशी हार खाल्ली. क्रो-आर्मस्ट्राँग तेव्हा 23 वर्षांचा होता.