क्षितिज हरवते तेव्हा

१६ जुलै १९९९ ची रात्र. अमेरिकेचे माजी अध्यक्ष जॉन केनेडी यांचे त्याच नावाचे चिरंजीव पाइपर सॅराटोगा हे एका इंजिनाचे विमान स्वतः चालवत न्यू जर्सीहून मार्थाज व्हिनयार्ड बेटाकडे निघाले होते. बेट जवळ आले असताना विमान समुद्रात कोसळले. ते, त्यांची पत्नी व मेहुणी असे तिघेही मरण पावले.

अशा लहान विमानात काळी पेटी सक्तीची नसते. मग तपास कसा करायचा? पहिला साक्षीदार रडार. ठरावीक अंतराने टिपलेली उंची व स्थान यांवरून शेवटचा मार्ग काढता आला. विमान वळत वळत खाली आले. अखेरीस ते मिनिटाला ४,७०० फुटांहून अधिक वेगाने उतरत होते. रडारवरची शेवटची उंची होती १,१०० फूट. पाण्यापर्यंत किती सेकंद उरले असतील? मुलांना हे गणित जरूर घालावे. उत्तर येते सुमारे १४!

दुसरा साक्षीदार म्हणजे समुद्रतळावरून काढलेले अवशेष. त्यांत इंजिनाचा किंवा यंत्रणेचा आधीपासूनचा बिघाड आढळला नाही. तिसरे साक्षीदार, त्या रात्री उडणारे इतर वैमानिक. धुरकटपणामुळे समुद्रावर क्षितिज दिसत नव्हते, असे त्यांतील काहींनी सांगितले.

आता आपल्या कानाकडे वळू या. अंतःकर्णातील अर्धवर्तुळाकार नलिकांमधला द्रव आपण वळू लागलो की मागे रेंगाळतो. त्यामुळे वळणे जाणवते. वळण एकसारखे चालू राहिले, की द्रवही नलिकेबरोबर फिरू लागतो आणि जाणीव पुसट होते. कललेले विमान सरळच वाटते! पंखांचे वर उचलणारे बल तिरके झाल्याने विमान उंची गमावते. ती सावरण्यासाठी कलणे न सुधारता नुसते नाक वर ओढले, तर वळण आणखी घट्ट होते.

हे वर्गात अनुभवता येईल. फिरत्या स्टुलावर मुलाला डोळे मिटून बसवा, बाजूला दोघांना उभे करा आणि स्टूल संथपणे एकसारखे फिरवा. थोड्या वेळाने त्याला गती मंदावल्यासारखी वाटेल. स्टूल थांबवले की आपण उलटे फिरतो आहोत असे वाटेल.

निव्वळ उपकरणांच्या आधारे उडण्याचा परवाना केनेडींकडे नव्हता. अंधारात व धुरकटात दिशाभ्रम होऊन विमानावरील ताबा सुटला, असा निष्कर्ष राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २००० साली काढला. अशा तपासाचा हेतू दोषी शोधणे हा नसतो. पुढचा वैमानिक वाचावा, हा असतो. आपली ज्ञानेंद्रियेही चुकतात, म्हणून तर आपण मोजमाप करतो.