जिन्नस आणि भाग : दीर्घ मुदतीच्या मूल्याचा विचार

बचतीचा पैसा जिनसांत गुंतवावा की कंपन्यांच्या भागांत, हा प्रश्न जुना आहे. त्याचा विचार शब्दार्थापासून आरंभिणे सोयीचे होईल. ‘जिन्नस’ हा शब्द अरबी ‘जिन्स’ म्हणजे जात किंवा प्रकार यावरून आलेला आहे. एका प्रतीच्या तांब्याचा एक टन त्याच प्रतीच्या दुसऱ्या टनासारखाच असतो. दहा वर्षे वखारीत ठेवला तरी तो एक टनच राहतो, भाडे व विमा यांचा खर्च मात्र चढत जातो. ‘भाग’ म्हणजे चालत्या उद्योगातील हिस्सा. उद्योगाला होणाऱ्या नफ्यापैकी काही लाभांशरूपाने वाटला जातो व उरलेला धंद्यात पुन्हा घातला जातो. अर्थात जिन्नस बाळगणाऱ्यास केवळ भाववाढीचा आधार, तर भागधारकास उत्पन्नाचाही.

भाववाढीचा हा आधार वाटतो तितका भक्कम नाही. भाव चढला की लागवड वाढते, नव्या खाणी निघतात, पर्यायी पदार्थ पुढे येतात. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले आणि मुंबईच्या कापसाला अपूर्व भाव आला. १८६५ मध्ये युद्ध संपताच तो कोसळला. अर्थशास्त्रज्ञ जूलियन सायमन यांनी १९८० मध्ये जीवशास्त्रज्ञ पॉल अर्लिक यांच्याशी पाच धातूंच्या भावांवर पैज लावली. १९९० पर्यंत महागाई वजा जाता ते धातू स्वस्त झाले व सायमन जिंकले. तथापि दशक दुसरे निवडले असते, तर निकाल उलटही लागू शकला असता.

यावरून भाग सर्वकाळ श्रेष्ठ, असा सिद्धांत काढणे योग्य नव्हे. १८६५ च्या त्याच पडझडीत मुंबईतील कंपन्यांचे भागही मातीमोल झाले. जपानचा निक्केई निर्देशांक १९८९ च्या अखेरीस ज्या उंचीवर होता, ती ओलांडण्यास २०२४ साल उजाडावे लागले. उलट १९७३-७४ मध्ये खनिज तेलाचा भाव सुमारे चौपट झाला, तेव्हा अनेक देशांतील भागबाजार घसरत होते. अशा समयी जिन्नसच आधार देतो. परंतु सोन्याचेही उदाहरण ध्यानी घ्यावे : जानेवारी १९८० मध्ये औंसाला ८५० डॉलरपर्यंत गेलेले सोने १९९९ मध्ये सुमारे २५० डॉलरवर आले होते.

वायद्याच्या मार्गाने जिन्नस घेणाऱ्यास आणखी एक अडचण असते. ‘वायदा’ म्हणजे वचन, आणि वचनाला मुदत असते. मुदत भरताच वायदा पुढे ओढावा लागतो. पुढील महिन्याचा भाव चढा असेल, तर मूळ जिनसाचा भाव स्थिर राहूनही धारकास तोटा होतो.

सारांश, भागांचे दीर्घकालीन सामर्थ्य उद्योगाच्या उत्पादकतेत आहे, जिनसांचे त्यांच्या टंचाईत. टंचाई माणसाच्या प्रयत्नाने सहसा ओसरते. उत्पादकता त्याच प्रयत्नाने वाढते. म्हणून वृद्धीसाठी अनेक उद्योगांत विभागलेले भाग आणि महागाईच्या आकस्मिक आघातापासून संरक्षणासाठी जिनसांचा मर्यादित अंश, हीच विभागणी अधिक सयुक्तिक दिसते. मात्र ज्यास पैसा दोन-चार वर्षांतच लागणार आहे, त्याच्या दृष्टीने दोहोंची दीर्घकालीन तुलना निरुपयोगी होय.